हळद लावलेला थैला

खुशीचं पोट पुन्हा बिघडलं, तेव्हा लंज्यांच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. मुन्नालाल गुपचुपवाला.

सौंदड स्टेशनच्या रस्त्यावर संध्याकाळी मुन्नालालचा ठेला उभा राहतो. पुण्यामुंबईकडे जिला पाणीपुरी म्हणतात, ती इकडे गुपचुप. शाळा सुटली की अर्धी पोरं त्याच्याभोवती. त्यामुळे नऊ वर्षांच्या खुशीला उलट्या-जुलाब सुरू झाले की दुसरं कारण शोधायची कुणाला गरजच वाटत नसे. या खेपेला तर तिची आजी सुशीलाबाई पदर खोचून थेट ठेल्यापाशी गेली आणि भरल्या गिऱ्हाइकीत तिनं मुन्नालालला धारेवर धरलं.

"माझ्या नातीले काय पाजून राहिला रे तू? नालीचं पानी?"

"माँजी, बच्ची इधर आई ही नहीं," हातातली फोडलेली पुरी तशीच धरून मुन्नालाल म्हणाला. "कसम से."

"मंग काय हवा खाऊन बिमार पडली?"

दोन बायका प्लेटमधलं अर्धं टाकून निघून गेल्या. सुशीलाबाई जिंकल्यासारखी घरी आली आणि सुनेला, म्हणजे खुशीच्या आईला, सगळं साग्रसंगीत सांगितलं.

चंदा ऐकत होती, पण तिचं लक्ष खाटेवरच्या पोरीकडे होतं. खुशीचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. साखर-मिठाचं पाणी घोट-घोट पीत ती एवढंच म्हणाली, "आई, मी नाई खाल्ली गुपचुप."

चंदाला ते खरं वाटलं. पोटची पोर म्हणून नव्हे. खुशी खोटं बोलायची तेव्हा फार सजवून बोलायची. कोण होतं, कुठं उभं होतं, काय म्हणालं, सगळं त्यात यायचं. आज तिनं एकच वाक्य सांगितलं होतं आणि डोळे मिटले होते.

मग पोटात गेलं तरी काय?

असा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की चंदा स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. तिचं माहेर गोंदियाचं. वडील राइस मिलमध्ये कामाला. लहानपणी एकदा मुंग्यांची रांग कुठून येते ते पाहायला ती जी निघाली, ती दोन गल्ल्या ओलांडून एका अनोळखी परसात पोहोचली आणि संध्याकाळपर्यंत घरच्यांनी तिला शोधलं. लग्न होऊन सौंदडला आली तरी ही खोड गेली नाही. नवरा अश्विन तिला थट्टेनं इन्स्पेक्टर म्हणायचा. धानाचे कोंब पिवळे का पडले, शेजारच्यांची गाय कुंपण ओलांडते ती नेमकी कुठून, मोटरपंप दुपारीच का बंद पडतो, असल्या चौकशा तिच्या कायम चालू.

दवाखान्यात डॉक्टरांनी खुशीला तपासून पुड्या दिल्या आणि सांगितलं, "पोटात काहीतरी दूषित जातंय. पाणी उकळून द्या. हात धुवायला लावा. कच्चं काही असेल तर आधी धुवा."

"पण डॉक्टरसाहेब, नक्की काय जातंय?"

बाहेर रांग लागली होती. तरी डॉक्टर क्षणभर थांबले. "ते इथं बसून मला कसं सांगता येईल? घर तुमचं आहे. तुम्हीच पाहा."

चंदानं ते शब्दशः मनावर घेतलं.

आधी पाणी. तिनं घरातलं सगळं पाणी उकळायला सुरुवात केली. सुशीलाबाई चुलीतल्या लाकडांकडे पाहून कुरकुरली, "आमची जिंदगी याच विहिरीवर गेली, आमाले काई झालं नाई." पण तिनं अडवलं नाही. मग शाळा. अश्विन रोज मोटरसायकलवर जाऊन खुशीला आणू लागला, म्हणजे गुपचुपचा प्रश्नच मिटला. काही दिवस पोरगी ठणठणीत राहिली. गालांवर पुन्हा टवटवी आली. अश्विन म्हणालासुद्धा, "लागला तपास. मुन्नालालच होता."

मग आठवडी बाजार आला, आणि त्यानंतर खुशी पुन्हा पोट धरून बसली.

त्या दुपारी तिचं कपाळ चोळता चोळता चंदा मागचं आठवत गेली. याआधी बिघडलं तेव्हाही बाजार होऊन गेला होता. त्याच्या आधीच्या खेपेलाही कोथिंबीर ताजी होती, म्हणजे तेव्हाही बाजार नुकताच झालेला. बाजारातून घरात येतं ते सगळे खातात. मग एकट्या खुशीलाच का?

पुढच्या बाजाराच्या दिवशी चंदानं हातातली कामं सकाळीच उरकली आणि ओसरीत स्वयंपाकघर दिसेल अशी तांदूळ निवडत बसली. तांदूळ हे निमित्त. तिला सासरे बाजारातून आल्यापासून पुढे काय काय होतं, ते बघायचं होतं.

बाजार हा सासऱ्यांचा, केवळरामांचा, मान होता. शेती आता अश्विन पाहत होता. तलावाच्या पाण्याच्या पाळ्या, ज्यांत केवळरामांचा शब्द शेवटचा असायचा, त्याही नव्या पोरांच्या हाती गेल्या होत्या. उरला होता बाजार. त्या दिवशी ते स्वच्छ धोतर नेसायचे, टोपी घालायचे आणि खुंटीवरचा खाकी थैला खांद्याला अडकवून निघायचे. तो थैला जाड तंबूच्या कापडाचा, दुहेरी शिवणीचा, बैलाच्या ओझ्यालाही न फाटणारा. दुकानदारांनी प्लास्टिकच्या पन्न्या देणं बंद केलं तेव्हा गावातले लोक हातात टमाटे घेऊन फिरत होते आणि केवळराम मिशीत हसत होते. "माझ्या थैल्यानं घरात एक पन्नी येऊ देली नाई," हे ते पाहुण्यांनाही सांगत. ते खरंही होतं.

केवळराम आले. थैला त्यांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. वरून वांगी, टमाटे, कोथिंबीर. मधे एका कोपऱ्यात देवाच्या फुलांचा पुडा. तळाला पळसाच्या पानांत बांधलेल्या मासोळ्या. खुशी धावत आली. तिनं कोपरापर्यंत हात थैल्यात घातला.

"आबाजी, आणले?"

"आणले तं! तुज्यासाठी नाई आणन तं कोनासाठी आणन?"

तिनं मूठभर हिरवे शिंगाडे बाहेर काढले. ओलेगार, तलावातून आजच निघालेले. एक दातात धरला, कराकर साल सोलली, आतला पांढरा गर तोंडात टाकला. दुसरा. तिसरा. केवळराम खाली बसून तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

बाकीचे शिंगाडे सुशीलाबाई उकडायला ठेवी. मोठी माणसं उकडलेलेच खात.

चंदाच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

सामान काढून झाल्यावर केवळरामांनी थैला झटकला आणि पुन्हा खुंटीला लावला. ते हातपाय धुवायला गेले तशी चंदा उठली आणि तिनं थैल्यात नाक घातलं. वास लगेच आला नाही. आधी कोथिंबिरीचा आला, मग ओल्या मातीचा, आणि त्यांच्या खालून तो, आंबूस, जुना, मासोळीचा. आजच्या मासोळीचा नव्हे. तिनं आत हात घातला. तळाचा एक कोपरा कडक झाला होता, वाळलेल्या चामड्यासारखा. बोटाला काहीतरी चिकटलं. उजेडात धरलं तर खवला.

जेवताना तिनं जपून विषय काढला. "मामाजी, मी म्हणलं, थैला एकदा धुऊन टाकू का जी?"

केवळरामांचा घास थांबला. "कायले?"

"आत मासोळीचा वास येऊन राहिला. खुशी त्यातलेच शिंगाडे..."

"थैल्यात सामान येते बाई. थैला का कोनी खाते?" ते हसले, पण हसण्यात धार होती. "धुतला का कापड ढिलं पडते. शिवन उसवते. इतके वर्स टिकला तो काऊन? पानी लागू नाई देलं म्हणून."

"आता थैल्यावरही केस लावते का तू?" अश्विन म्हणाला. सुशीलाबाईचा चेहराही नवऱ्याच्या बाजूचा होता. चंदानं विषय सोडला. सासऱ्यांच्या थैल्याला नुसत्या संशयावर हात घालणं तिला बरं वाटेना. आणि खरं सांगायचं तर तिलाही खात्री नव्हती. एका कोपऱ्यातली घाण शिंगाड्यापर्यंत जाते? की नुसता तिचा तर्क? तिला ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

कसं पाहायचं, ते तिला सासऱ्यांनीच सांगितलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

लंजे जातीचे कोहळी. त्यांच्या वाडवडलांनी तलाव बांधले, आणि केवळरामांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी तलावावर येऊन थांबत. दोन दिवसांनी सकाळी अंगणात ऊन घेत ते खुशीला गोष्ट सांगत होते. त्यांच्या तरुणपणी तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी झिरपू लागलं होतं. पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसायची, पण आत पाणी नेमकं कुठून शिरतं ते कुणाला सापडेना. खेकड्याचं एवढंसं बीळही पाळ फोडू शकतं. सगळे घाबरलेले.

"मंग?" खुशीनं विचारलं.

"मंग माझ्या बापानं गेरू कालवला. आंदर काठाकाठानं एका जागी गेरू टाकलन, थांबला. काई नाई. फुडं सरकला, तिथं टाकलन. काई नाई. असं करत करत एका जागी गेरू टाकला आन् मी बाहेर उभा, तं वल लाल झाली! मी असा वरडलो! तिथंच होतं बीळ. पान्याले रंग देल्याबिगर ते आपला रस्ता दाखवत नाई पोरी."

अंगण झाडणारी चंदा केरसुणी धरून उभी राहिली. गेरू नको. कपड्यांवर, भांड्यांवर लागला तर कळणार नाही, मातीचाच वाटेल. हळद. खाकी कापडावर हळद दिसायची नाही, आणि ओल लागली की ती सुटल्याशिवाय राहायची नाही. पोटात गेली तरी अपाय नाही.

बाजाराच्या आदल्या दुपारी घरात कुणी नसताना तिनं वाटीत हळद कालवली, थैल्याच्या त्या कडक कोपऱ्याला आतून चोळली आणि वाळू दिली. बाहेरून काही कळत नव्हतं. ज्याला कुणी हात लावायचा नाही त्याला आपण हात लावला, या विचाराची तिला जरा टोचणी लागली. पण त्याहून जास्त उत्सुकता होती. खुशीला मात्र तिनं बजावून ठेवलं, "उद्या आबाजी आले का मी सांगतपर्यंत शिंगाडा तोंडात घालायचा नाई. घातला तं बघ."

"काऊन?"

"उद्या सांगन."

दुसऱ्या दिवशी केवळराम आले तेव्हा चंदा चुलीपाशी होती. थैला ओट्यावर ठेवला गेला. सुशीलाबाईनं भाजी काढली. खुशीनं हात घातला. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून चंदानं तिकडे पाहिलं, आणि वळून बघते तर पोरीच्या दातांत शिंगाडा.

"खुशी! थूक!"

एवढ्या मोठ्यानं ती या घरात कधी बोललीच नव्हती. खुशीनं घाबरून शिंगाडा टाकला. तिच्या ओठांवर, हनुवटीवर, बोटांच्या पेरांवर पिवळे डाग होते, अगदी हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखे.

"हे काय वं?" सुशीलाबाईनं नातीचं तोंड धरून उजेडाकडे वळवलं. "कावीळ तं नाई झाली पोट्टीले?"

"नाई आत्याबाई. हळद आहे." चंदा पुढे आली. "मीच लावली. काल. थैल्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात. जिथं मासोळ्या राहते तिथं."

केवळराम टोपी काढता काढता थांबले.

"माझ्या थैल्यात?"

"हो जी."

"मले न विचारता?"

केवळरामांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांची नजर खुशीच्या ओठांवर गेली आणि तिथंच राहिली. ते पुढे आले, गुडघ्यावर बसले, आपल्या बोटानं त्यांनी तो डाग पुसला, बोट पाहिलं.

"खाली होती म्हंते हळद? एकदम खाली?"

"कोपऱ्यात. हाताच्या पंज्याएवढ्या जागेत."

"मंग वर कशी आली?"

हा प्रश्न रागाचा नव्हता. चंदाच्या ते लक्षात आलं. "मासोळीचं पानी पानातून गळलं असन. त्यात हळद भिजली. मंग थैला खांद्यावर हलून राहिला..."

केवळरामांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी थैला उचलला. ओट्यावर जिथं तो टेकला होता तिथं पिवळसर ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्याच जागी रोज कणीक मळली जायची. त्यांनी टमाटे एकेक उचलून फिरवून पाहिले. तीन-चारांच्या बुडाला पिवळं होतं. कोथिंबिरीच्या मुळांना होतं. "चंदा, तो गडू आण." माठावरच्या गडूच्या काठावर एक बोट उमटलं होतं, कारण सुशीलाबाईनं मधेच पाणी प्यायलं होतं. तिच्या पदराला होतं. दाराच्या कडीला होतं. खुशी आता भीती विसरून घरभर पळत होती आणि जिथं सापडेल तिथं ओरडत होती, "इथं पन! आबाजी, इथं पन!"

"आन् हे?" केवळरामांनी फुलांचा पुडा उघडला. झेंडूच्या पिवळ्यात पिवळं कळेना, पण शेवंतीच्या पांढऱ्या पाकळ्या कडेनं भिजून हळदी झाल्या होत्या.

सुशीलाबाईनं ते पाहिलं आणि तिचा हात कपाळाला गेला. "अवं माय! म्हणजे आतापर्यंत मी देवाले मासोळीच्या पान्यातले फुलं वाह्यले?"

त्या क्षणी थैल्याचा निकाल लागला. खुशीचं पोट, डॉक्टरांचं सांगणं, चंदाचा तर्क, यांनी जे झालं नसतं ते शेवंतीनं केलं. सुशीलाबाईनं थैला नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला आणि परसातल्या दगडावर नेऊन आपटला. "धुवा हा! आताच्या आता!"

केवळराम तिच्या मागोमाग आले, पण त्यांची पावलं जड होती. विहिरीच्या कठड्याला टेकून ते हळूच चंदाला म्हणाले, "म्हणजे मीच आणून देत होतो तिले बिमारी? हौसेनं?"

"तुमी शिंगाडे आणत होते मामाजी. बाकीचं तुमाले दिसत नव्हतं. मलेही दिसलं नव्हतं." तिनं जरा थांबून सांगितलं, "तुमीच त्या दिवशी गेरूची गोष्ट सांगितली, म्हणून सुचलं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मिशी थोडी हलली. "माझाच गेरू माझ्यावर टाकला तं तू."

धुताना आणखी एक गंमत झाली. सुशीलाबाईनं कपड्याची पावडर टाकून थैला घासला, तशी हळद लालभडक झाली. साबण लागला की हळद लाल होते हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं, पण इथं त्याचा उपयोग झाला. जिथं जिथं साबण पोहोचला तिथं तिथं लाल. आणि कोपऱ्यात, शिवणीच्या दुमडीत, पिवळं ते पिवळंच. पाणी ओतून तिनं पुन्हा घासलं. दुमडी तशीच.

"आंदर जाऊनच नाई राहिला साबन," खाली वाकून बघत केवळराम म्हणाले. आता त्यांना राहवेना. "उलटा कर. पुरा उलटा."

थैला उलटा केला. दुहेरी शिवणीच्या आत, जिच्या मजबुतीचं एवढं कौतुक होतं तिथं, काळं काहीतरी दाटून बसलं होतं. केवळरामांनी आतून ब्लेड आणलं. सुशीलाबाईला वाटलं होतं ते थैल्याला पात्याची टोचसुद्धा लागू देणार नाहीत, पण त्यांनी स्वतःच दुमड उसवली. आत गाळ होता. खवले, कांद्याची कुजकी साल, मातीचे गोळे, झिंग्यांच्या मिशा, सगळं दाबून बसलेलं, आणि बुरशीचे करडे ठिपके. वास असा सुटला की खुशी नाक धरून पळाली.

केवळराम मात्र नाक न धरता बराच वेळ बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पानी जिथं अडते तिथंच गाळ बसते."

मग गरम पाणी आलं, पुन्हा पावडर आली, ब्रश आला. दुमडीतही लाल उमटलं तेव्हा कुठं त्यांनी सुशीलाबाईला थांबू दिलं. थैला उलटाच तारेवर टाकला. हळदीचे डाग काही निघाले नाहीत. चंदानं सांगितलं, उन्हानं जातील. केवळरामांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी अर्ध्या थैल्यावर पोतं पांघरलं आणि अर्धा उन्हात ठेवला. दिवस मावळताना पोतं उचललं, तर उघडी बाजू फिकट आणि झाकलेली तशीच पिवळी. ते येईल-जाईल त्याला बोलावून ते दाखवू लागले.

त्याच संध्याकाळी सुशीलाबाई खुशीला घेऊन मुन्नालालच्या ठेल्यावर गेली. जाताना काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. पण तिथं पोहोचल्यावर ती गिऱ्हाइकांच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "दे मले बी एक प्लेट." मुन्नालाल आधी संशयानं बघत राहिला. मग त्यानं तिच्यासमोर हात धुतले, ताजं पाणी भरलं आणि पहिली पुरी तिच्या हातावर ठेवली. "तीखा चलेगा ना माँजी?" ती डोळ्यांतून पाणी काढत सगळी प्लेट खाऊन आली. माफीचा शब्द ना तिनं उच्चारला ना त्यानं मागितला.

घरात काही गोष्टी बदलल्या. मासोळीसाठी झाकणाचा जुना अॅल्युमिनियमचा डबा निघाला. देवाची फुलं आणि खुशीचे शिंगाडे यांच्यासाठी सुशीलाबाईनं जुन्या लुगड्याच्या दोन पातळ पिशव्या शिवल्या, दुमड न ठेवता. थैला ओट्यावर ठेवायची बंदी झाली. बाजार झाला की पिशव्या उलट्या करून धुवायच्या आणि पुरत्या वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, हे काम केवळरामांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. दमट पिशवी घडीत गेली तर तिथूनच वास धरते, हेही त्यांनी एकदा मुद्दाम तशी ठेवून पाहिलं.

खुशीला तो सगळा हिवाळा पोटाचा त्रास झाला नाही. अश्विन म्हणाला, "मान गये इन्स्पेक्टर." चंदा हसली, पण मनातून ती एवढी निश्चिंत नव्हती. पाणी उकळणंही चालूच होतं. पोर हातही धूत होती. थंडीत तसंही कमी नासतं. थैलाच होता की आणखी काही, हे तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. हळदीनं रस्ता दाखवला होता. त्या रस्त्यानं नक्की काय चालत होतं, ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. तिनं हे एकदा केवळरामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बीळ बुजवलं ना? मंग खेकडा कोनता होता ते राहू दे." त्यावर तिचं समाधान झालं नाही.

थैला धुतल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या सकाळी चंदा भांडी घासत होती. केवळराम टोपी घालून ओसरीत उभे राहिले. एका खांद्यावर थैला, दुसऱ्या हातात डबा.

"चंदा, त्या पिशव्या घे आन् चाल."

"कुठं जी?"

"बाजारले. मले एकट्याले एवढं सगळं सांभाळते का?"

या घरची सून सासऱ्याबरोबर बाजाराला गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चंदानं सासूकडे पाहिलं. सुशीलाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "जाय नं. माझ्याकडे काय पाहून राहिली?"

रस्ताभर चंदा विचारत होती आणि केवळराम सांगत होते. शिंगाडा कोणत्या तलावाचा गोड, त्याचे काटे बोथट का करतात, मासोळी ताजी कशी ओळखायची. बाजारात मासोळीवाल्या निर्मलाबाईनं नेहमीप्रमाणे पळसाची पानं हातात घेतली, तसा केवळरामांनी डबा पुढे केला.

"हे काय नवीन, केवळरामजी?"

"यात टाक."

"काऊन? पान काय वाईट आहे?"

केवळरामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ते बाजूला सरकले आणि त्यांनी सुनेला पुढं केलं. "हिले विचार. ही बराबर सांगते."

आजूबाजूच्या दोघी-तिघी आपापले थैले घेऊन जवळ सरकल्या. चंदानं डोक्यावरचा पदर नीट केला, आणि निर्मलाबाईला आधी एक प्रश्न विचारला, "तुमच्याकडे थोडी हळद आहे का वो?"